मागच्या ओळींची खिडकी

संगणकाशी बोलायचे दोन मार्ग आहेत. एक तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे: चित्रावर टिचकी मारायची आणि काय होतं ते बघायचं. दुसरा आमच्यासारख्यांचा: काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं आणि गप्प बसायचं. ओळ बरोबर असली तर तो मुकाट काम करतो, शाबासकीचा एक शब्दही बोलत नाही. चुकली तर मात्र लगेच बोलतो. माझ्या सासूबाईंचंही अगदी असंच होतं, त्यामुळे मला नोकरीत कधी परकं वाटलं नाही.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी संगणक सांभाळायचे. आता निवृत्त आहे. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'नोकरीतल्या गमतीजमती लिहा' असं सांगितलं. एक गंमत लिहिते. नंतर जे लिहायचंय ते गमतीचं नाही, आणि दिवाळीत कोणी असलं वाचेल का, हे मला माहीत नाही.

आमच्याकडे गाड्यांचे सुटे भाग बनायचे. लोखंड कापणाऱ्या मशीनला कुठे किती कापायचं हे सांगणारा एक प्रोग्राम लागतो. तो वरच्या मजल्यावर तयार व्हायचा, सर्व्हरवर यायचा, आणि तिथून खाली शॉपफ्लोअरवर ज्या त्या मशीनला पाठवावा लागायचा. पाठवायचं काम काळ्या खिडकीतून. 'अमुक प्रोग्राम सात नंबरला पाठव', 'सात नंबरवर ऑपरेटरने दुरुस्त केलेला परत आण', 'दोन्ही ताडून बघ'. अशा ओळी, सगळ्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये तिरप्या रेघा आणि ठिपके. एक ठिपका राहिला की घोडं अडलं.

आता ही काळी खिडकी एक उपकार करते. तुम्ही लिहिलेली प्रत्येक ओळ ती लक्षात ठेवते. वरचा बाण दाबला की मागची ओळ येते, पुन्हा दाबला की तिच्या मागची. पण गेल्या आठवड्यातली ओळ हवी असेल तर बाण दाबून दाबून माणसाच्या नाकी नऊ येतात, आणि हवी ती ओळ आलेली असताना बोट तिला ओलांडून पुढे जातं. मग शिवी हासडायची आणि खालचा बाण. प्रोग्राम पाठवणाऱ्यांचं दिवसभर हेच चालायचं. मला ते बघवेना. म्हणून मी खिडकीच्या उजव्या अंगाला मागच्या ओळींची एक यादी लावून दिली. माउसने हवी ती ओळ निवडा, टिचकी मारा, ओळ चालली. बाण नको, पाठांतर नको, ठिपक्यांची भीती नको. असल्या सोयी जगात दुसऱ्यांनीही केल्या असतील. आमच्या कारखान्यात मी केली, आणि तिचा मला अभिमान होता. अजून आहे, हीच तर पंचाईत आहे.

आता ती कबूल केलेली गंमत. मेंटेनन्सचे साळुंखे साहेब या यादीवर इतके खूश झाले की कीबोर्ड त्यांनी पडद्यामागे सरकवून ठेवला. एके दिवशी त्यांनी यादीतली एक जुनी ओळ निवडली. तिचा अर्थ होता, 'इथलं सगळं काढून टाक.' त्यांनीच कधीतरी ती कचरा काढायला वापरली होती. पण काळी खिडकी ओळ लक्षात ठेवते, ती लिहिताना तुम्ही कुठल्या फोल्डरमध्ये उभे होता ते नाही. साहेब या वेळी चालू प्रोग्रामांच्या फोल्डरमध्ये उभे होते. सगळं गेलं. मशीनी थांबल्या, ऑपरेटर चहाला गेले, आणि साळुंखे साहेब मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या यादीनं घात केला." मी म्हटलं, "साहेब, विळीनं बोट कापलं तर विळीवर केस करता का?" बॅकअप होता, दुपारपर्यंत सगळं परत आलं. त्यानंतर मी प्रत्येक ओळीपुढे जागेचं नाव दाखवायला लागले, पुसणाऱ्या ओळी लाल केल्या, आणि एका टिचकीच्या दोन केल्या: पहिलीने निवडायचं, दुसरीने चालवायचं. हसू आलं असेल तर हसून घ्या.

ज्या माणसाला ही यादी मुळीच नको होती तो म्हणजे अशोक गायखे. प्रोग्राम पाठवायचं काम मुख्यतः त्यांचंच. आयटीआय झालेले, मखमलाबादकडचे, घरी झेंडूचा मळा. मी त्यांना गायखेभाऊ म्हणायचे, कारण ते माझ्या आधीपासून तिथे होते. त्यांची बोटं कीबोर्डवर अशी चालायची की नव्या लोकांना मी मुद्दाम दाखवायला न्यायचे. यादी दाखवली तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, लय भारी केलंय. पण हे ज्याला आठवत नाय त्याच्यासाठी. मला नका देऊ, सवय बिघडल."

आणि मग त्यांना अर्धांगाचा झटका आला.

काही महिन्यांनी ते कामावर परत आले ते उजवा पाय ओढत. हात बरा होत होता. गेली होती ती भाषा. डोक्यात सगळं होतं, डोळ्यांत दिसायचं की सगळं आहे, पण शब्द बाहेर यायचा नाही. 'हां' आणि 'नाय' एवढे उरले होते. आणि शिव्या. शिव्या मात्र सगळ्या शाबूत होत्या, आणि त्या न बोलावता यायच्या. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं होतं की असं होतं, मनावर घेऊ नका. जे तोंडाचं तेच बोटांचं. खुर्चीत बसले, कीबोर्डवर हात ठेवले, आणि हात तसेच राहिले. मग एक कळ दाबली. ती कुठली, याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अशी नजर त्यापूर्वी कोणाची पाहिली नव्हती आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको मंदाताई गेटवर आल्या. पंचवटीतल्या बाजारात फुलं पोचवून तशाच आल्या होत्या. मला म्हणाल्या, "ताई, पैशाचं नाय. मळा हाय, दीर हायेत, भागल आमचं. पण हा माणूस घरी बसला तर मरल. चार भिंतींकडं बघत मरल. त्याला काय बी काम द्या, पण कामाला असू द्या."

आमचे प्लांट हेड मोरे साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, "तो त्याचं काम करू शकला तर राहील. नाही तर मी कुठल्या तोंडाने ठेवू?"

तेव्हा मला जे सुचलं ते सोपं होतं. आमच्या द्वारका चौकाच्या सिग्नलला एखादा माणूस दिसतो, आपण त्याला पक्का ओळखतो, पण नाव काही केल्या आठवत नाही. आठवणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. गायखेभाऊंचं आठवणं गेलं होतं. ओळखणं गेलंय का ते कोणी तपासलंच नव्हतं. मी त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलेल्या ओळी सर्व्हरवरून काढल्या, यादीत भरल्या आणि माउस त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "गायखेभाऊ, सात नंबरला बेअरिंगचं कव्हर पाठवायचंय."

त्यांनी यादी वर केली, खाली केली. पडद्याच्या जवळ गेले. मग माउसचा बाण एका ओळीवर थांबला. सात नंबर, बेअरिंगचं कव्हर. एक टिचकी. माझ्याकडे पाहिलं. दुसरी टिचकी. खालून सात नंबरचा ऑपरेटर ओरडला, "आला!"

मी बायकांच्या प्रसाधनगृहात जाऊन रडले. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

पुढे मी त्या यादीत भर घातली. नवा भाग आला की जुन्या ओळीत त्याचं नाव कसं येणार? म्हणून ओळीतल्या नावावर टिचकी मारली की सर्व्हरवरचे सगळे प्रोग्राम समोर यायचे, त्यातला निवडायचा. मशीनच्या नंबरचंही तसंच. म्हणजे गायखेभाऊ एक अक्षरही न लिहिता नवी ओळ तयार करू शकायचे. मोरे साहेब एकदा मागे येऊन उभे राहिले, बराच वेळ बघत राहिले, आणि निघून गेले. त्याचा अर्थ नोकरी राहिली. मंदाताईंनी माझ्या घरी शेवंतीच्या फुलांची एवढी मोठी पाटी पाठवली की आमच्या गल्लीतल्या सगळ्या देवांना त्या दिवशी हार मिळाले.

इथे थांबता आलं असतं तर हा लेख संपादकांना हवा तसा झाला असता.

ज्या मोठ्या कंपनीला आम्ही भाग पुरवायचो, तिने कळवलं की कुठला प्रोग्राम कुठल्या मशीनला कोणी, का पाठवला याची नोंद हवी. पुण्याहून माणसं आली, नवी यंत्रणा बसवून गेली. काळी खिडकी बंद. आता देखणा रंगीत पडदा, सगळं माउसने. मला आधी आनंदच झाला. म्हटलं, मी एका माणसासाठी जे केलं ते आता सगळ्यांसाठी झालं. गायखेभाऊ नवी चित्रं हळूहळू ओळखायला शिकले. दाखवलं की मान हलवायचे, दुसऱ्यांदा चुकायचे नाहीत.

पण पाठवायच्या बटणाआधी एक चौकोन होता. त्यात लिहिलं होतं, 'कारण लिहा.' प्रत्येक वेळी, स्वतःच्या शब्दांत. चौकोन रिकामा असला की बटण करडं राहायचं, दाबलं जायचं नाही.

मी पुण्याच्या इंजिनिअरला फोन केला. म्हटलं, तयार कारणांची यादी द्या, माणूस त्यातलं निवडेल. तो म्हणाला, "मॅडम, यादी दिली की सगळे डोळे झाकून पहिलंच निवडतात. माणसाने विचार करावा म्हणूनच लिहायला लावलंय. तुमच्याकडेच नाही का एकाने न बघता टिचकी मारून सगळं पुसलं होतं? ते आम्हाला दिलेल्या कागदात आहे."

होतं. साळुंखे साहेबांची ती गंमत रीतसर नोंदवली गेली होती. आणि तो इंजिनिअर चुकीचं बोलत नव्हता, याचाच मला जास्त राग आला. चुकीचं बोलणाऱ्याशी भांडता येतं. मी कारणांची ओळ दुसरीकडून उचलून त्या चौकोनात चिकटवायची सोय करून पाहिली. चिकटवलेला मजकूर चौकोन घ्यायचा नाही. तेही कोणीतरी आधीच विचार करून ठेवलं होतं. दुसऱ्या कोणी गायखेभाऊंच्या नावाने कारण लिहिणं नियमात बसत नव्हतं. मोरे साहेब म्हणाले, "मी काय करू, सांगा. यांचं ऐकलं नाही तर काम दुसरीकडे जाईल. मग गायखेच काय, सगळेच घरी."

तोडगा शेवटी गायखेभाऊंनीच काढला. चौकोनात गेले आणि एक कळ दाबून धरली. एकच अक्षर, ओळभर. बटण निळं झालं! चौकोनाला अक्षरं हवी होती, अर्थ कुठे कळत होता त्याला? त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. अगदी पूर्वीचेच, वात्रट. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. मोरे साहेबांनीही पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले. पावसाळाभर ते काम असं चाललं, आणि एकही प्रोग्राम चुकीच्या मशीनला गेला नाही. मला वाटलं, निभावलं.

मग त्या मोठ्या कंपनीचे ऑडिटर आले. हिंदी बोलणारे, नीटनेटके, आवाज मऊ. नोंदी उघडल्या. कारणाच्या रकान्यात एकाच अक्षराच्या ओळीच्या ओळी. त्यांनी विचारलं, "ये किसने लिखा है?"

मी पुढे सरकले, पण गायखेभाऊंनी आधीच हात वर केला होता. शाळेत करतात तसा.

"इसका मतलब क्या है, भाई?"

माणूस प्रामाणिकपणे विचारत होता. गायखेभाऊंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मला दिसत होतं, त्यांच्याकडे उत्तर होतं. नवा भाग आला, जुन्यात दुरुस्ती झाली, मशीन बदललं, सगळं त्यांना माहीत होतं. ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि जी एकच गोष्ट बाहेर यायची ती आली. आईवरून. स्पष्ट, खणखणीत, सगळ्यांसमोर.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. ऑडिटरचा चेहरा पडला. मी घाईघाईने हिंदीत आजाराचं सांगायला लागले, तेही चांगले होते, म्हणाले, "कोई बात नहीं, कोई बात नहीं." पण त्यांनी वहीत लिहिलं ते लिहिलंच. गायखेभाऊंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

महिनाअखेरीला त्यांना शाल, श्रीफळ आणि घड्याळ देऊन निरोप दिला. कागदावर 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहिलं होतं. त्या कागदावर कारण लिहायचं काम मात्र कोणीतरी त्यांच्या वतीने केलं, आणि ते नियमात बसलं.

थोड्या दिवसांनी मंदाताईंचा फोन आला. "ताई, ते जेवत नायत. पडून राहत्यात, भिताडाकडं तोंड करून. तुमची ती यादीवाली मशीन हाय का अजून?"

होती. भंगारात काढलेली होती, पण गेली नव्हती. नंतर मी विचारण्याआधीच मोरे साहेबांनी 'न्या' म्हटलं.

"पण मंदाताई," मी म्हटलं, "ती मशीन कुठेच जोडलेली नसणार. ते प्रोग्राम पाठवतील ते जाणार कुठे?"

"खोटं खोटं चालंल. तुम्ही तेवढं त्या मशीनला बोलतं करा. त्यांना कुठं कळतंय आता."

मला हे पटलं नव्हतं. पण मी ते केलं. घरी बसून त्या जुन्या संगणकातच एक खोटा सर्व्हर बसवला आणि त्याला असं शिकवलं की कुठलीही ओळ आली तरी थोडं थांबायचं आणि 'पोहोचला' म्हणायचं. मधूनच एखाद्या मशीनकडून दुरुस्त केलेला प्रोग्राम आल्याचं सांगायचं, म्हणजे गायखेभाऊंना तो परत आणावा लागेल, ताडून बघावा लागेल. मोठ्या निगुतीने केलं. नोकरीत मी इतकं बिनचूक काही केलं नसेल.

मशीन त्यांच्या ओसरीवर लावून दिली. त्या दिवसापासून ते उठायला लागले, दाढी करून तिथे बसायला लागले, जेवायला लागले. मंदाताई फोनवर सांगायच्या, "आता बरंय. मी बाजूला हार करत बसते, ते काम करत्यात. मला बी बरं वाटतं." मी 'हो' म्हणायचे, फोन ठेवायचे, आणि दिवसभर कोणाशी बोलावंसं वाटायचं नाही.

गेल्या आठवड्यात गेले होते. दसऱ्याच्या झेंडूची तोड चालू होती, मंदाताई अंगणात ढिगाशी बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "त्यांना कळत नाय तेच बरंय ताई," आणि चहा ठेवायला आत गेल्या.

ओसरीवर गायखेभाऊ काम करत होते. मी शेजारी स्टूल घेतलं. त्यांनी एक ओळ निवडली, टिचकी, टिचकी. सर्व्हर थोडा थांबला आणि म्हणाला, पोहोचला. मी उगाच म्हटलं, "वा, गेला का सात नंबरला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वाकून, पाय सावरत, मशीनच्या मागे हात घातला आणि नेटवर्कची वायर बाहेर ओढली. हातभर. तिचं दुसरं टोक उघडंच होतं, कुठे लावलेलंच नव्हतं. ते टोक त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं.

पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. ज्याने हयात या कामात घालवली त्याला हे कळणार नाही, असं आम्ही दोघी धरून चाललो होतो. मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी मान हलवली, "नाय." स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं, जिथे मंदाताई कपबशा मांडत होत्या, आणि तेच बोट ओठांवर ठेवलं. मग माझ्या हातातून वायर घेतली, नीट गुंडाळून होती तिथे मागे सरकवली.

मी आयुष्यभर लोकांचं काम सोपं करत आले. आता ओसरीवर ही दोन माणसं एकमेकांसाठी खोटं वागतायत, आणि त्यासाठी लागणारं यंत्र मी बनवून दिलं आहे. मला ते बंद करता येत नाही आणि चालू ठेवणंही सोसत नाही.

मंदाताई चहा घेऊन बाहेर आल्या. कप त्यांच्या हाताशी ठेवत म्हणाल्या, "काय, झालं का आजचं काम?"

गायखेभाऊंनी मान हलवली, अजून आहे म्हणून, आणि यादीतली पुढची ओळ निवडली.